‘एकशे पाच’ ऐकून मूल ‘१००५’ का लिहितं?

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईने विचारलं आहे. मुलगा दुसरीत आहे, शाळा सेमी इंग्रजी. शंभरापर्यंत आकडे घडाघडा म्हणतो. पण ‘एकशे पाच रुपये’ लिही म्हटलं की १००५ लिहितो, ‘पंच्याऐंशी’चे ५८ करतो आणि बिस्किटाच्या पुड्यावरचे ‘₹ १०.००’ चक्क ‘एक हजार’ असे वाचतो. घरचा सगळा व्यवहार फोनवर, त्यामुळे पैसे त्याच्या हातात येतच नाहीत. घरी काही करावं, की तिसरीत आपोआप जमेल?

ताई, आपोआप जमत नाही. पण घाबरण्यासारखंही काही नाही. पुण्यात पेठेतल्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवलं. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही चुका मी दर वर्षी, प्रत्येक वर्गात पाहिल्या आहेत. एक गोष्ट आधी मनात पक्की धरा: तुमचा मुलगा निष्काळजीपणा करत नाहीये. जे कानावर पडलं ते तो इमानाने कागदावर उतरवतोय. आपण मराठीत रक्कम जशी बोलतो तशी लिहीत नाही, आणि हे त्याला अजून कुणी दाखवलेलं नाही. बोलणं आणि लिहिणं यांच्या मध्ये एक पायरी लागते. ती पायरी म्हणजे हातातल्या नोटा. ती गाळून आपण थेट वहीवर गेलो की अशा चुका होतात.

आधी १००५ चं बघू. तो ‘एकशे’ ऐकतो आणि १०० लिहितो. मग ‘पाच’ ऐकतो आणि पुढे ५ लिहितो. त्याच्या बाजूने विचार केला तर यात चूक काय आहे? त्याला ओरडून ‘अरे, १०५!’ म्हणालात तर तो आज १०५ लिहील आणि उद्या ‘एकशे पन्नास’चे १००५० करेल. त्याऐवजी एक साधन करा.

घरात जुन्या लग्नपत्रिका असतील, त्यांचा जाड कागद घ्या. त्याच्या चौकटीच्या वहीतल्यासारखे, पण बोटभर रुंदीचे चौकोन आखा आणि पट्ट्या कापा. एककाची पट्टी एका चौकोनाची, दशकाची दोन चौकोनांची, शतकाची तीन चौकोनांची. एककाच्या पट्ट्यांवर १ ते ९, दशकाच्या पट्ट्यांवर १०, २० असं करत ९०, शतकाच्या पट्ट्यांवर १००, २०० असं ९०० पर्यंत. एकूण सत्तावीस पट्ट्या होतात. आता १०० ची पट्टी टेबलावर ठेवा आणि त्याला सांगा, ५ ची पट्टी तिच्यावर ठेव, पण उजवी कड उजव्या कडेला जुळली पाहिजे. तो ठेवतो. शेवटचं शून्य झाकलं जातं आणि समोर १०५ दिसतं.

मग विचारा, ‘शंभरातलं एक शून्य कुठे गेलं?’ मी हा प्रश्न शेकडो वेळा विचारला असेल. मूल पाचाची पट्टी हळूच उचलून खाली बघतं, पुन्हा ठेवतं, पुन्हा उचलतं. ‘लपलंय,’ असं म्हणतं. त्या क्षणी त्याला जे समजतं ते शतक-दशक-एककाचे रकाने वर्षभर भरून समजत नाही. १०० गेलेलं नाही, ते खाली तसंच आहे, फक्त पाचाने आपली जागा घेतली आहे. दुसऱ्या दिवशी १००, ४० आणि ७ या तिन्ही पट्ट्या एकावर एक ठेवायला द्या. १४७ झाले की त्याला सुट्या करायला सांगा.

पट्ट्यांच्या शेजारीच खऱ्या नोटा ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त शंभराच्या नोटा, दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी. वीस, पन्नास, दोन, पाच हे सगळं कपाटात. बहुतेक पालक पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्या प्रकारच्या नोटा मुलापुढे पसरतात, आणि ते मला पटत नाही. शंभर, दहा आणि एक हीच शतक, दशक आणि एककाची घरं आहेत. पन्नासची नोट मध्ये आली की ‘दहाच्या नोटा किती?’ या प्रश्नाचं उत्तर बिघडतं. दहाच्या दहा-बारा नोटा आणि वीसेक सुटी नाणी नेहमीच्या किराणा दुकानदाराकडून मागून आणा. खेळण्यातल्या नोटा शक्यतो नकोत. खरी नोट हातात आली की मुलाची पाठ ताठ होते, तो मोजताना सांभाळून मोजतो.

आता ‘एकशे पाच रुपये दे’ म्हणा. तो शंभराची एक नोट आणि पाच नाणी ठेवेल. विचारा, ‘दहाच्या किती?’ तो म्हणेल, ‘एकही नाही.’ लिहिताना मधलं शून्य त्याच ‘एकही नाही’साठी आहे. हे त्याच्याच तोंडून आलं म्हणजे १०५ आणि १५० यांतला फरक त्याला वेगळा शिकवावा लागत नाही.

पंच्याऐंशीचे ५८ होण्याचं कारण आपली भाषाच आहे. आपण आधी एकक बोलतो आणि मग दशक: पंच्या-ऐंशी, सत्ते-चाळीस, त्रे-सष्ट. लिहितो मात्र दशक आधी. पाच आधी ऐकू आला म्हणून त्याने पाच आधी लिहिला. शिवाय तुमचा मुलगा सेमीचा आहे, शाळेत ‘एटी फाइव्ह’ म्हणतो. तिथे ऐंशी आधी येतात. एकाच दिवसात दोन उलट्या वाटांनी त्याला जावं लागतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. मराठी मोडीत निघाली, असं लोक म्हणत होते. पुस्तकात खरं तर दोन्ही पद्धती होत्या. मी तेव्हा वर्गात उभी होते, म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. कुबडी म्हणून ‘ऐंशी पाच’ फार उपयोगी आहे. कानडी, तेलुगू, तमिळ बोलणारी मुलं अशीच दशक आधी बोलतात, आणि त्यांचा आकडा ऐकायचा आणि लिहायचा क्रम एकच राहतो. पण म्हणून ‘पंच्याऐंशी’ सोडून चालणार नाही. मंडईत भाजीवाल्या मावशी ‘पंच्याऐंशी झाले’ असंच म्हणणार, आणि त्या क्षणी मुलाला ते कळलं पाहिजे.

मग करायचं काय? तुम्ही ‘पंच्याऐंशी’ म्हणा. त्याने लगेच लिहायचं नाही. आधी नोटा ठेवायच्या: दहाच्या आठ, नाणी पाच. ठेवताना मोठ्याने म्हणायचं, ‘ऐंशी आणि पाच, पंच्याऐंशी.’ मग लिहायचं. लिहितानाही पेन्सिल आधी डावीकडच्या चौकोनावर. काही मुलं ५ आधी उजव्या चौकोनात लिहून ८ नंतर डावीकडे लिहितात. उत्तर बरोबर येतं म्हणून आपण दुर्लक्ष करतो, पण ही सवय लागू देऊ नका. फोनवर आकडा दाबताना उजवीकडून सुरुवात करता येत नाही, आणि हल्ली मुलं रक्कम पहिल्यांदा लिहितात ती फोनवरच.

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या मंडळींना स्वतंत्र दिवस द्या. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, एक कमी. मुलाला ऐकू येतं ‘चाळीस’, म्हणून तो चाळिशीतलं काहीतरी लिहितो, बहुतेक वेळा ४९. दहाच्या चार नोटा ठेवायला सांगा आणि म्हणा, ‘मला यातला एक रुपया परत दे.’ त्याच्याकडे सुटा रुपया नाही. एक नोट मोडावी लागते. दहा नाणी घेतली, एक परत दिलं, उरल्या तीन नोटा आणि नऊ नाणी. एकोणचाळीस. असं दोन-तीनदा झालं की ‘एकोण’ ऐकल्यावर मूल क्षणभर थांबतं. ते थांबणंच आपल्याला हवं आहे. याच ओघात एखादं मूल ९९ ला ‘एकोणशंभर’ म्हणतं. माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच. त्याला नियम समजला आहे, भाषेने तिथे वेगळा शब्द ठेवला आहे, एवढंच. आधी शाबासकी द्या आणि मग ‘नव्व्याण्णव’ सांगा.

कानाचा सराव दुकानात फुकट मिळतो. प्रत्येक दुकानात पैसे आल्याचं बोलून सांगणारी ती छोटी पेटी असते ना, तिच्याजवळ दोन मिनिटं थांबा. पेटी रक्कम बोलते, मूल छोट्या वहीत लिहितं. उत्तम श्रुतलेखन होतं. पुष्कळ पेट्या हिंदीत बोलतात, तेव्हा एक सांगून ठेवा: हिंदीत ‘पचास’ म्हणजे आपले पन्नास आणि ‘पचासी’ म्हणजे आपले पंच्याऐंशी. मराठीतही ‘सात’ आणि ‘साठ’ यांत मुलं फार घोटाळा करतात, इंग्रजीत ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत. अशा जोड्या मुद्दाम एकापाठोपाठ एक बोलून घ्या आणि शब्दाच्या शेवटाकडे लक्ष द्यायला शिकवा.

आता पाव, दीड, अडीच. मराठी मुलाला रक्कम समजणं म्हणजे हे शब्द समजणं, आणि शाळेत यावर फार थोडा वेळ मिळतो. एकदा मी वर्गाला मंडईत घेऊन गेले होते, महात्मा फुले मंडईच्या त्या अष्टकोनी इमारतीत. गवारीच्या ढिगावर पाटी होती १२०. मावशी म्हणाल्या, ‘तीस रुपये पाव.’ एक चिमुरडी माझा पदर ओढून विचारायला लागली, ‘बाई, पाव कुठे आहे?’ तिला खायचा पाव दिसत नव्हता. आणि पाटीवर १२० असताना मावशी तीस का म्हणतात, हे बाकीच्या वीस जणांनाही कळलेलं नव्हतं. मी मावशींना किलोचे चार सारखे ढीग करून दाखवायला सांगितलं. मावशींनी हौसेने पाव-पावचे चार ढीग मांडले, आणि पोरांनी प्रत्येक ढिगापुढे दहाच्या तीन-तीन नोटा ठेवल्या. एकशे वीस झाले.

तुम्ही रविवारी भाजीला जाताना त्याला बरोबर न्या आणि ऐकलेली प्रत्येक रक्कम नोटांत करून बघा. पण सगळे शब्द एकदम नकोत. आधी ‘दीडशे’ आणि ‘अडीचशे’, कारण हेच सगळ्यांत जास्त कानावर पडतात. दीड म्हणजे एक आणि अर्धा, म्हणून शंभराची एक नोट आणि शंभराचा अर्धा. इथे पन्नासची नोट कपाटातून बाहेर काढा, तिची ओळख करून द्यायची हीच वेळ. अडीचशे म्हणजे शंभराच्या दोन आणि पन्नासची एक. मग ‘साडेतीनशे’, ‘साडेचारशे’. मुलं ‘साडेएकशे’, ‘साडेदोनशे’ म्हणतात, त्यात त्यांचा तर्क बरोबर असतो. हसू नका, फक्त दीड आणि अडीच हे दोन शब्द त्या जागी आधीच बसले आहेत हे दाखवा. ‘सव्वाशे’ त्यानंतर. ‘पावणेदोनशे’ सगळ्यात शेवटी, कारण तिथे पुन्हा एकोणसारखं मागे यायचं असतं: दोनशेला पाव शंभर, म्हणजे पंचवीस, कमी. १७५. दुसरीच्या मुलाला पावणे नाही जमलं तरी हरकत नाही. तिसरीच्या दिवाळीपर्यंत थांबा.

यात एक खोच आहे, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. दुसरी-तिसरीत मुलं घड्याळही शिकत असतात. साडेसात वाजले म्हणजे ७ वाजून ३० मिनिटं. मग ‘साडेसात रुपये’ लिही म्हटलं की मूल लिहितं ₹ ७.३०. आई-बाबा चक्रावतात, हे ३० आले कुठून? ते घड्याळातून आलेले असतात. तासाची मिनिटं साठ, म्हणून अर्धा तास तीसचा. रुपयाचे पैसे शंभर, म्हणून अर्धा रुपया पन्नासचा. मुलाला विचारा, ‘एका तासात मिनिटं किती? एका रुपयात पैसे किती? मग प्रत्येकाचा अर्धा किती?’ एवढं पुरतं. पण हे विचारायचं सुचलं नाही तर मूल कित्येक महिने तीच चूक करत राहतं.

इथून पैशांकडे आणि त्या टिंबाकडे येऊ. आजच्या मुलाने पैशाचं नाणं पाहिलेलंच नाही, ही खरी अडचण आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्याने अजून चालतं, पण दुकानात दिसत नाही. तरी पैसे लिहिले सगळीकडे जातात: पुड्यावर, औषधाच्या स्ट्रिपवर, पेट्रोल पंपावर, विजेच्या बिलावर. म्हणजे जे हातात कधी येत नाही ते मुलाने वाचायचं आहे. म्हणून दुसरीत पैसे फक्त वाचण्यापुरते शिकवावेत, पैशांच्या बेरजा-वजाबाक्या नकोत. दशांश अपूर्णांक पुढच्या इयत्तांत रीतसर येतातच.

पुड्यावरच्या ‘₹ १०.००’साठी पहिला उपाय अंगठा. टिंबापासून उजवीकडचं अंगठ्याने झाकायचं आणि उरलेलं वाचायचं: दहा रुपये. अंगठा काढायचा: शून्य शून्य, म्हणजे वर पैसे नाहीत. दहा-पंधरा पुडे असे वाचून झाले की अंगठ्याची गरज राहत नाही. त्याबरोबर एक प्रश्न नेहमी विचारा, ‘हा पुडा हजार रुपयांचा असेल का?’ शंभराच्या दहा नोटा त्याच्यापुढे ओळीने मांडा आणि एक पुडा ठेवा. त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटतं. रक्कम वाचल्यावर ‘हे खरं असेल का?’ असं स्वतःला विचारण्याची सवय मला अचूक वाचण्याइतकीच महत्त्वाची वाटते. वही चारशेची नसते आणि सायकल चाळीसची नसते, हे सात वर्षांच्या मुलाला कळायला हवं. सगळा व्यवहार फोनवर होत असल्याने नेमका हाच अंदाज आता पोरांना राहिलेला नाही.

टिंबाच्या उजवीकडे पैशांना नेहमी दोन जागा, कमी नाही आणि जास्त नाही. सात रुपये पाच पैसे म्हणजे ७.०५. पाच पैसे एकटेच आले तरी त्यांच्या आधीची जागा शून्याने राखायची. मुलं ७.५ लिहितात, आणि ते खरं तर साडेसात होतात. औषधांच्या स्ट्रिपा याच्या सरावाला उत्तम, कारण तिथे पैशांच्या जागी खरोखर आकडे असतात. वाचतानाही ‘सात पॉइंट शून्य पाच’ असं वाचू देऊ नका. ‘सात रुपये पाच पैसे’ असंच म्हणायचं.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना या कामात जरूर घ्या. ‘चार आणे’, ‘आठ आणे’, ‘पावली’, ‘अधेली’ हे शब्द त्यांच्या तोंडात असतात आणि मुलं ते ऐकतात. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. म्हणून चार आणे म्हणजे पाव रुपया, पंचवीस पैसे. आठ आणे म्हणजे अर्धा, पन्नास पैसे. एखाद्या डब्यात जुनी नाणी सापडली तर कागद वर ठेवून पेन्सिलने घासून छाप काढायला द्या. पैसा ही हातात घेण्याची वस्तू होती, हे त्याला तेव्हा कळतं.

लिहिण्याबद्दल थोडं. ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० ला मान्य झालं, डी. उदय कुमार यांनी ते तयार केलं. आपला ‘र’, त्याचीच वरची रेघ आणि खाली एक आडवी रेघ, असं दाखवलं तर मुलं ते एका दिवसात शिकतात. गडबड होते ती क्रमात. बोलताना आपण ‘पन्नास रुपये’ म्हणतो, लिहिताना चिन्ह आधी येतं: ₹ ५०. मूल ऐकलं तसं ‘५० ₹’ लिहितं, किंवा दोन्हीकडे लावून ‘₹ ५० रुपये’ करतं. मी एवढंच सांगायची: चिन्ह आधी, शब्द नंतर, आणि दोघांपैकी एकच.

अक्षरी लिहिण्याची घाई दुसरीत करू नका. ‘पंच्याहत्तर’ आणि ‘ब्याण्णव’ ही शुद्धलेखनाची परीक्षा आहे, गणिताची नाही. तिसरीच्या सुरुवातीला बँकेतून पैसे भरायच्या चार कोऱ्या स्लिपा आणा आणि ‘अक्षरी रुपये एकशे पाच फक्त’ असं लिहायला द्या. खरा कागद म्हटल्यावर मुलं हस्ताक्षरसुद्धा सुधारतात. ‘रुपये’तला ‘रु’ ह्रस्व, हे पहिल्यापासून सांगा. पुण्यातल्या पाट्यांवरही ‘रूपये’ असा दीर्घ दिसतो, म्हणून मुलं तेच उचलतात. नोटेवर बघून खात्री करता येते. मागच्या बाजूला पंधरा भाषांचा रकाना असतो, त्यात चार ओळी देवनागरीत आहेत: कोकणी, मराठी, नेपाळी आणि संस्कृत. ‘यातली आपली ओळ शोध’ म्हणा. वरून आठवी. दहाच्या, वीसच्या, शंभराच्या नोटेवर ती ओळ शोधून वाचणं हा मुलांचा आवडता उद्योग असतो. वीसच्या नोटेवर तर आपलं वेरूळही आहे.

सुटे परत करणं हा या सगळ्यातला सर्वांत गोड भाग. घरात रिकामे पुडे मांडून दुकान लावा आणि त्याला दुकानदार करा. किमती मुद्दाम अवघड ठेवा: ६३, ४७, ८९. तुम्ही शंभराची अख्खी नोट द्या. वजाबाकी करायला लावू नका, उसना घेण्यात तो अडकेल. जुने दुकानदार जसे मोजून परत देत तसं शिकवा. त्रेसष्टची वस्तू पुढे ठेवायची आणि म्हणायचं ‘त्रेसष्ट’. मग एकेक नाणं ठेवत ‘चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर.’ पुढे दहाच्या नोटा: ‘ऐंशी, नव्वद, शंभर.’ समोर सात नाणी आणि तीन नोटा पडल्या. परत किती? सदतीस. वजाबाकी झालीसुद्धा, आणि साठ ते सत्तरमधले सगळे अडखळायला लावणारे शब्दही सहज तोंडून गेले. माझ्या वर्गात जी मुलं पाटीवरची वजाबाकी बघून रडायची, तीच मुलं या दुकानात गल्ल्यावर बसायला भांडायची.

फोनबद्दल तुम्ही विचारलंत. फोन बंद करा असं मी म्हणणार नाही, ते शक्यही नाही. पण आठवड्याला दोनशे रुपये रोख काढा आणि दूध, कोथिंबीर, भेळ असले छोटे खर्च त्यातून मुलाच्या हाताने करा. फोनवर देताना रक्कम त्याला दाबू द्या, पण पैसे पाठवण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवायची. माझी नात एकदा असंच दाबत होती. दुकानदार म्हणाले ‘एकशे पाच’, तिने १००५ दाबलं. मी एवढंच म्हटलं, ‘वाच.’ ती म्हणाली, ‘एक हजार पाच,’ आणि स्वतःच दचकली. मग एक शून्य पुसलं. त्यानंतर तिने ती चूक केलेली मला आठवत नाही. पासवर्ड मात्र तुम्हीच टाका.

रोज दहा मिनिटं पुरेत, संध्याकाळी दिवे लागल्यावर किंवा जेवणाआधी. पहिला आठवडा पट्ट्या आणि १००-१०-१, दुसऱ्यात उलटे आकडे आणि एकोण, मग दुकान. दीड-अडीच बाजारात जाता-येता. तीन-चार महिने असं नियमित करूनही तो नोटा बरोबर ठेवतो पण आकडे उलटेच लिहितो, किंवा अक्षरंही उलटी काढतो, असं दिसलं तर वर्गशिक्षिकेशी बोला आणि त्याला तपासून घ्या. नोटाच चुकत असतील तर लिहिणं काही दिवस बाजूला ठेवून पुन्हा मोजण्याकडे या.

आणि पट्ट्या कापताना त्याला बरोबर घ्या, शून्यं त्याला लिहू द्या. स्वतः लिहिलेलं शून्य पाचाखाली लपलेलं बघायला मुलांना फार आवडतं.